मनीचं बिऱ्हाड

आमच्या कोकणात मांजराला प्रवास घडत आला तो एकाच कारणासाठी : ते परत येऊ नये म्हणून. दुधाच्या टोपाची चटक लागलेला एखादा बोका घरातल्या बायकांच्या डोळ्यांवर आला की त्याची पोत्यात रवानगी व्हायची. पोत्याचं तोंड सुतळीनं आवळायचं, सायकलला अडकवायचं आणि दोन व्हाळ ओलांडून पलीकडच्या गावात नेऊन मोकळं करायचं. पोतं का, तर त्याला वाट दिसू नये. आणि एवढं करून चौथ्या दिवशी बोका चुलीपाशी हजर! नेणारा पोरगा अजून पाय चोळीत असायचा, बोक्याच्या चेहऱ्यावर मात्र शिणाचा मागमूस नसायचा. कुत्रा माणसाचा, मांजर घराचं, असं आमच्या जुन्या बायका म्हणत त्या काही उगीच नव्हे.

आता उलटा जमाना आला आहे. आता लोक मांजराला हौसेनं प्रवासाला नेतात, आणि ते परत यावं म्हणून काळजी करतात.

आमचं फोंडाघाट म्हणजे घाटाच्या पायथ्याचं गाव. राधानगरी-दाजीपूरकडून कोकणात उतरणारी मोटार आमच्या बाजारावरूनच पुढं जाते. त्यामुळे जगात नवीन निघालेलं वाहन कुठलं, हे मला वर्तमानपत्र न वाचता कळतं. गेल्या काही वर्षांत त्यांत घरासारख्या मोटारी दिसू लागल्या. आत दोन बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी, एवढीशी मोरी. सरकारनंही २०२१ साली या कॅराव्हॅन-पर्यटनाचं धोरण आणलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. हे बिऱ्हाड चार चाकांवर. अशा मोटारीतून कुत्रं नेणं सोपं. धनी जिथं, तिथं त्याचं घर. पण ज्याची सारी निष्ठा घरावर, त्या मांजरानं काय करायचं, जर घरच रोज नव्या गावी उठू लागलं तर?

या प्रश्नावर मी एकदा वाचनालयात बसून बराच वेळ घालवला. (शाळामास्तराला दिवाळीच्या सुट्टीत दुसरं काय काम?) तेव्हा एक मांजर सापडलं. त्याचं नाव ट्रिम. १७९९ साली एका इंग्रजी जहाजावरच ते जन्मलं. पिल्लू असताना समुद्रात पडलं, तर पोहत येऊन दोर धरून पुन्हा वर चढलं. मॅथ्यू फ्लिंडर्स या दर्यावर्दीबरोबर त्यानं १८०१ ते १८०३ या काळात ऑस्ट्रेलियाला वळसा घातला. पुढं जहाज फुटलं, त्यातूनही वाचलं. आणि शेवटी हरवलं कुठं? मॉरिशस बेटावर, कोरड्या जमिनीवर. तेच मॉरिशस, जिथं पुढं आपल्या कोकणातली माणसं मजुरीला गेली. फ्लिंडर्स तिथं फ्रेंचांच्या कैदेत पडला होता. त्यानं १८०९ साली त्या मांजरावर एक सुंदर मृत्युलेख लिहिला. आज सिडनीत ट्रिमचा पुतळा आहे.

पुतळ्याचं मला कौतुक आहेच. पण मनात राहिलं ते निराळं. जहाज हेही चालतं घरच की. तरी तिथं मांजर सुखरूप राहिलं, कारण सभोवार पाणी होतं. घराला उंबरठा होता, उंबरठ्याच्या बाहेर जग नव्हतं. मोटारीच्या घराचं तसं नाही. त्याचं दार उघडलं की पहिलं पाऊल थेट रानात.

हे मी कोणाला सांगायच्या आधीच माझ्या मावसबहिणीनं मला दाखवलं. तिला आम्ही आक्का म्हणतो. आक्काचा सारा जन्म गिरगावातल्या चाळीत गेला. चाळ पाडली, नवी उभी राहायची ती राहीना, आणि आक्का पुण्यात मुलाकडे आली. बरोबर दोन ट्रंका, एक देवघर, मनी आणि मनीचा लेक बोक्या. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत भाच्यानं अशी एक मोटार भाड्यानं घेतली आणि आईला मालवण दाखवायला निघाला. मांजरं घरी ठेवायला आक्का तयार नव्हती.

भाचा पद्धतशीर माणूस. दोघांना दोन वेगळ्या, झाकणाच्या, आत पाय पसरता येतील एवढ्या टोपल्या. त्या पट्ट्यांनी बाकाला बांधलेल्या, म्हणजे ब्रेक लागला तरी उडायच्या नाहीत. आत आक्काच्या जुन्या लुगड्याचे तुकडे, न धुतलेले. धुतलं की घराचा वास जातो. वळणावळणाच्या रस्त्यात मांजर ओकतं, म्हणून घाटाआधी तीन-चार तास खाणं बंद, पाणी चालू. एका पसरट ट्रेमध्ये वाळू. उन्हात मोटार उभी करून मांजरांना आत कोंडून कोणी उतरायचं नाही, हा तर कडक नियम. बंद मोटार दहा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी तापते, आणि मांजराला घाम फुटतो तो फक्त पंजांना. तोंड उघडं टाकून ते धापू लागलं म्हणजे वेळ थोडा उरला असं समजावं.

एवढं सगळं केलं, आणि घाटमाथ्यावर मोटार चहाला थांबली. गाडी थांबली की प्रवास संपला असं माणसाला वाटतं. पाय मोकळे करायला मनीला टोपलीतून काढलं. कोणीतरी दार सरकवलं, मागून लॉरीनं भोंगा वाजवला, आणि मनी दिसेनाशी झाली.

मला फोन आला तेव्हा दिवेलागण झाली होती. मी मिळेल त्या वाहनानं वर गेलो. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला दाजीपूरचं रान. १९५८ साली अभयारण्य झालेलं ते रान गव्यांसाठी प्रसिद्ध. बिबट्याही तिथं पाहुणा नव्हे. गारवा चांगलाच उतरला होता. भाचा "मनी, मनी" करून घसा बसवून घेत होता. टपरीवाला कोल्हापूरकडचा, तो आधी बॉनेटवर दोन थापा मारून आला, कारण थंडीत मांजर इंजिनाच्या उबेला शिरतं. मग म्हणाला, "मास्तर, वरडू नका. मांजर लांब जात न्हाई. भ्यालंय, हितंच गप बसलं असंल."

त्या टपरीवाल्याचा शब्द विद्वानांनीही खरा केला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हरवून सापडलेल्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश निसटल्या जागेपासून पाचशे मीटरच्या आत मिळाली होती. भ्यालेलं मांजर ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. त्याला शोधायचं ते बॅटरीनं, डोळे चमकतात का पाहून.

आम्ही रस्त्याखालची मोरी पाहिली, गटार पाहिलं, टपरीमागचा लाकडांचा ढीग पाहिला. नाही. मालवणची खोली सांगितलेली, मोटारीचं भाडं दिवसावर. भाचा म्हणाला, "आई, आज खाली मामाकडे जाऊ. उजाडताच परत येऊ."

आक्का मोटारीच्या पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "गाडी हलवायची नाही."

"अगं, पण–"

"ती परत येईल तेव्हा घर जाग्यावर नको? मी गेले होते ना परत, माझी खोली बघायला. नुसतं आभाळ होतं तिथं."

यावर भाचा काही बोलला नाही. मीही बोललो नाही. टपरीवाल्यानं सतरंजी आणून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

दिवे मालवले. दार वीतभर उघडं ठेवलं. लुगड्याचा तुकडा पायरीवर पसरला. बोक्याला टोपलीसकट दाराशी ठेवलं. तो अधूनमधून रडे, तेवढाच आवाज. रात्री केव्हातरी दरीतून वारा आला आणि आक्काच्या तोंडून रामरक्षा ऐकू आली.

पहाटे तिनं मला कोपरानं ढोसलं. त्याच लाकडांच्या ढिगातून, जिथं आम्ही दोनदा बॅटरी मारली होती, मनी बाहेर आली. धावत नव्हे. एक पाऊल, मग थांबायचं. तिनं चारी चाकं हुंगली. मग पायरी, मग लुगडं. आणि आमच्याकडे ढुंकूनही न पाहता आत जाऊन स्वतःच्या टोपलीत बसली. आक्कानं आधी मोटारीचं दार लावलं, मग टोपलीचं झाकण, मग पट्टा. मग पदरानं काहीतरी पुसलं. डोळे की चष्मा, ते अंधारात दिसलं नाही.

तेव्हापासून आक्काचा कायदा झाला : टोपली बंद असल्याशिवाय मोटारीचं दार उघडायचं नाही, मग बाहेर प्रत्यक्ष राष्ट्रपती उभे असोत. पुण्याला परतल्यावर दोघांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली. तिच्यात पंधरा आकडी नंबर असतो, तो यंत्रानं वाचता येतो. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर, आणि पट्टा असा की झुडपात अडकला तर आपोआप सुटावा. रेबीजची लस दरसाल. भाचा याचा सगळा हिशेब वहीत ठेवतो.

यंदाच्या दिवाळीत मंडळी पुन्हा यायची आहेत. परवा आक्काचा फोन आला होता. मोटार तुझ्या अंगणात दोन दिवस उभी राहील, फणसाखाली, सावलीत. मनीला बांगडा लागेल, काटे काढून. आणि तुमच्या शेजारचा तो काळा बोका अजून आहे का? असला तर त्याला आत्तापासून समज देऊन ठेव.