हजेरी क्रमांक

परवा इथे धायरीत घरी बसून कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज कॉम्प्युटरवर भरत होते. पानं चार. तिसऱ्या पानावर ह्यांचा खातेक्रमांक हवा होता. कपाट उघडलं, तर पासबुकात ह्यांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'दूधवाल्याचे ४० द्यायचे.' तिथेच बसून राहिले. परत येऊन बटण दाबलं, तर 'सेशन संपले'. सगळं कोरं!

नातू जावामध्ये काम करतो. म्हणाला, "आजी, वेबला मुळात आठवणच नसते. प्रत्येक पान त्याला नवं. म्हणून सर्व्हर तुला एक क्रमांक देतो. तो कुकीमध्ये तुझ्याकडे राहतो. भरलेली माहिती त्याच्याकडे, सेशनमध्ये. दर पानाबरोबर क्रमांक जातो नि माहिती जुळते."

म्हणजे आमचा हजेरीपटच की! पोराजवळ क्रमांक, नोंदी बाईंच्या वहीत. आणि फार दिवस गैरहजर राहिलं, तर पटावरून नाव कमी!

"टॉमकॅटवर वेगळं सांगितलं नसेल, तर ३० मिनिटं वाट बघतो," तो म्हणाला.

असो. दुसऱ्या वेळी कागद आधीच शेजारी मांडले. ह्यांचं नाव पुन्हा टाईप केलं, सावकाश. त्याला विसरायला अर्धा तास पुरतो.

चिठ्ठी परत पासबुकात ठेवलीय.