केसपेपरवर न उतरलेलं कारण

‘बाथरूममध्ये पाय घसरला’, ‘चुकून उंदराचं औषध पोटात गेलं’. कॅज्युअल्टीत सांगितलेलं कारण जसंच्या तसं केसपेपरवर उतरवलं की डॉक्टरांचं काम संपलं, असं आपण धरून चालतो. मला ते अर्धवट वाटतं. टाके घेऊन बाई ज्या घरी परत जाते, तिथेच जखमेचं कारण बसलेलं असतं. मलेरियाच्या गोळ्या द्यायच्या आणि दारातलं डबकं तसंच ठेवायचं, त्यातलाच हा प्रकार. हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, हे जागतिक आरोग्य सभेने १९९६ मध्येच ठरावाने मान्य केलं. आपल्याकडे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती जेमतेम १४ टक्क्यांनी, आणि तीही बहुतेक माहेरी. चौकीची पायरी न चढणारी बाई हात मोडला तर रुग्णालयात येतेच. म्हणून ‘घरी कुणी मारतं का?’ हा प्रश्न तिथे विचारला गेला पाहिजे.

‘आम्ही काय पोलीस आहोत?’ हा डॉक्टरांचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ओपीडीची रांग खरी आहे, आणि सासू शेजारी उभी असताना विचारलेला प्रश्न बाईच्याच अंगावर शेकू शकतो. पण त्यासाठी हवा आडोसा आणि थोडं प्रशिक्षण. पोलिसी खाक्या नको. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं ते याच समजुतीवर: एकांतात विचारायचं, नीट नोंदवायचं, आणि तक्रार करायची की नाही हे तिच्यावर सोडायचं. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. हिंसेला आरोग्याच्या खात्यात टाकलं की गुन्हा सौम्य होतो, मारणारा ‘रुग्ण’ ठरतो. ही भीती मला पटते, पण निष्कर्ष पटत नाही. जखमेचं वय, आकार, जागा आणि बाईचे शब्द नोंदवलेला केसपेपर उद्या कोर्टात तिच्याच बाजूने बोलतो. ‘पडली’ एवढंच लिहिलेला कागद मात्र नवऱ्याच्या वकिलाच्या हाती जातो. शिवाय डॉक्टर या प्रश्नाच्या बाहेर कधी नव्हतेच; बाईचे हक्क तुडवण्यात वैद्यकशास्त्र स्वतःही मागे नव्हतं. बलात्कारपीडितेची ‘दोन बोटांची चाचणी’ डॉक्टरच करत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग ठरवली, तरी २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं.