रक्त दुखते का?

माझे शिक्षण बी. ए. पर्यंतचे, आणि तेही वाङ्मय घेऊन. शास्त्राशी माझा संबंध शाळेत बेडकाची आकृती काढण्यापुरताच आला होता. त्या आकृतीतही बेडूक थोडा आणि खोडरबराचे डाग अधिक असत. तरीही गेली आठ-नऊ वर्षे भाषांतराच्या मेजावर बसून मी आरोग्यविषयक मजकूर हिंदीतून मराठीत आणीत आले आहे. रायपूरला वाढलेल्या मराठी माणसाला ह्या कामाची पात्रता जन्मतःच लाभते, असा माझा समज होता. बाजारात हिंदी आणि छत्तीसगढी, घरात मराठी. १९५६ पर्यंत तर नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होती, आणि त्या राज्याच्या राजभाषाही हिंदी व मराठी अशा दोन होत्या. दोन भाषांमधला उंबरठा आम्ही दिवसातून वीस वेळा ओलांडतो. मला ठेच लागली ती नेमकी त्याच उंबरठ्यावर.

माझ्या थोरल्या भावाची मुलगी येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. १९६३ साली सुरू झालेले हे महाविद्यालय आमच्या घरापासून फार दूर नाही, म्हणून रविवारी ती वसतिगृहातून आमच्याकडे जेवायला येते. शवविच्छेदन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती आली तेव्हा तिच्या ओढणीलाही फॉर्मलिनचा उग्र वास येत होता. आईने तिला दारातच थांबवले. "आधी आंघोळ, मग पान."

जेवताना मात्र आईलाच राहवले नाही. वरण वाढता वाढता तिने विचारले, "कापताना भीती नाही का गं वाटत?"

"पहिल्या दिवशी वाटली, आजी. पण आम्ही आधी हात जोडून शपथ घेतली. त्या देहाला आम्ही आमचे पहिले गुरू म्हणतो." मग तिने उजव्या हाताने घास घेत डावा हात पुढे केला, अंगठा करंगळीला टेकवला आणि मनगट किंचित वाकवले. मनगटाच्या मधोमध एक दोरी ताठ उभी राहिली. काही माणसांच्या हातात ही दोरी नसतेच आणि तरीही त्यांचे काही अडत नाही, असे तिने सांगताच आम्ही सर्वांनी आपापली मनगटे वाकवून पाहिली. आईच्या डाव्या हाताला ती नव्हती. सत्तर वर्षे ह्या हाताने पोळ्या लाटल्या, पाणी भरले, आणि आज त्यात एक वस्तू कमी निघाली, म्हणून आई दिवसभर हसत होती. त्यानंतर आंघोळीचा आग्रह तिने सोडला नाही. परंतु त्यातला धाक गेला.

मला स्वतःला ह्या विषयाची ओढ लागली ती शब्दांमुळे. सुश्रुताने शव सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवून, मग वाळा किंवा बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासून एकेक थर पाहावा असे सांगितले आहे, हे मी वाचले होते. त्याने हाडे ३०० मोजली; आज प्रौढ माणसाची २०६ मोजतात. त्याच्या गणतीत दात आणि कूर्चाही होत्या, एवढाच हा फरक. म्हणजे कोणत्या वस्तूला काय म्हणायचे, हा तंटा तेव्हापासूनचा आहे!

त्याच सुमारास गोंदिया जिल्ह्यातून एक पत्र आले. सिकलसेल ह्या रक्ताच्या आजारावरचे एक पत्रक मी काही महिन्यांपूर्वी हिंदीतून मराठीत आणले होते. छत्तीसगडात आणि पूर्व विदर्भात ह्या आजाराची कुटुंबे पुष्कळ आहेत, म्हणून ते काळजीपूर्वक केले होते. निदान मला तसे वाटत होते. पत्र एका आईचे होते. तिने लिहिले होते, 'माझ्या मुलाचे हातपाय रात्रभर ठणकतात. तुम्ही वर लिहिता की पेशी रक्तात असतात, आणि खाली लिहिता की पेशी दुखतात. मग रक्त दुखते का? हातपाय चोळावे की नाही?' मी ते दोनदा वाचले, बाईंना मजकूर नीट कळला नसावा असे मनाशी ठरवले, आणि पत्र खणात ठेवून दिले. हे लिहिताना आज लाज वाटते.

पुढच्या रविवारी पुतणी खोलीतल्या मैत्रिणीचे अकरावीचे हिंदी जीवशास्त्र घेऊन आली. मध्य प्रदेशात २०२२ साली वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके निघाली आणि २०२४ साली छत्तीसगडनेही हिंदीतून वैद्यकीय शिक्षणाची घोषणा केली. तेव्हापासून मैत्रिणींत शब्दांची देवाणघेवाण जोरात चालते म्हणे. मी सहज पाने चाळली. 'पेशी' असे लिहिले होते आणि शेजारी दंडाचा फुगीर भाग काढलेला होता.

"चित्र चुकले आहे," मी म्हणाले.

ती हसली. "अगं आत्या, हिंदीत पेशी म्हणजे स्नायू. आपली पेशी ती त्यांची कोशिका. आणि त्यांचा स्नायु म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा."

माझे हात गार पडले. मूळ हिंदीत हाडे आणि पेशी यांतील वेदना असे होते. मी 'पेशी' तशीच ठेवली होती. 'वृक्क' आला की मी कोश उघडते आणि 'मूत्रपिंड' लिहिते; अनोळखी शब्द आपण तपासतो. ओळखीच्याला कोण अडवतो? आणि मुद्रिते दोनदा वाचली होती ती मीच.

मी खणातले पत्र काढून तिच्यापुढे ठेवले. तिने वही उघडली. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या आकृत्या काढण्यासाठी ह्या मुलींजवळ एका टोकाला गुलाबी आणि दुसऱ्या टोकाला जांभळी अशी पेन्सिल असते. जांभळे टोक पेशीच्या केंद्रकासाठी. तिने गुलाबी टोकाने एक तबकडी काढली. रक्तातल्या तांबड्या पेशीला केंद्रक नसते, म्हणून जांभळ्या टोकाला काम नव्हते. अशा सव्वाशेहून अधिक पेशी ओळीने ठेवल्या तर एक मिलिमीटर भरतो. केसाहून कितीतरी बारीक वाहिन्यांतून त्या अंग मुडपून निघून जातात आणि सुमारे १२० दिवस जगतात. मग तिने विळ्याच्या आकाराची दुसरी पेशी काढली. ही ताठर, मुडपत नाही, अडकते, आणि दहा-वीस दिवसांत मरते. ती अडकली की पलीकडच्या हाडाला प्राणवायू मिळत नाही, आणि हाड ठणकते.

"म्हणजे रक्त दुखत नाही," मी म्हणाले.

"रक्त अडते. दुखते ते हाड."

हे सारे कशामुळे, तर रक्तातल्या एका प्रथिनाच्या साखळीत १४६ घटक असतात, त्यांतील सहाव्या जागी दुसराच घटक बसलेला असतो. व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६ साली तो एक बदल शोधून काढला. मुद्रितशोधनावर पोट भरणाऱ्या मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना चूक सांगितली. पुढील अंकात दुरुस्ती छापण्याचे ठरले. पण दुरुस्ती कोपऱ्यात बारीक टायपात येते आणि ठणका रात्री येतो. म्हणून मी त्या बाईंना स्वतंत्र पत्र लिहिले आणि पाठवण्यापूर्वी पुतणीच्या प्राध्यापकांकडून तपासून घेतले. मुलाला भरपूर पाणी द्यावे, थंडीपासून जपावे, ताप आला किंवा ठणका वाढला तर चोळत न बसता लगेच रुग्णालयात न्यावे. शिवाय, आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहक माणूस बहुधा धडधाकट दिसतो. म्हणून घरातल्या इतरांचीही तपासणी करून घ्यावी, हेही लिहिले. प्रत्येक 'पेशी'पाशी थांबून, ती कोणती, हे पाहत होते.

गेल्या आठवड्यात त्यांचे उत्तर आले. मुलाची औषधे सुरू झाली आहेत. धाकट्या मुलीचेही रक्त तपासायला दिले आहे. निकाल अजून यायचा आहे.