एक कान अचानक बंद झालाय? मग 'बघू' म्हणू नका

जून 2024 मध्ये अलका याज्ञिक यांनी जाहीर केलं की विमानातून उतरताना अचानक ऐकूच येईना. विषाणूमुळे कानाच्या नसेवर परिणाम, असं निदान. दोन दिवस बातमी चालली, संपली.

पण हा आजार गायकांपुरता नाही. आमच्या मोडनिंबच्या पेठेतले एक दुकानदार अण्णा सकाळी उठले तर डावा कान ठार बंद, आत नुसती शिट्टी. 'मळ असेल' म्हणून थेंब, मग सर्दीच्या गोळ्या. सोलापुरात ऑडिओमेट्री होईपर्यंत पाच आठवडे उलटले. आता त्यांचा मुलगा मला विचारतोय, "दादा, ऑक्सिजनच्या चेंबरनं कान येतो म्हणतात. कुठाय ते?"

चेंबर खरंच असतं. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात पाणबुड्यांसाठी ही विद्या जुनीच आहे. हवेच्या दुप्पट-अडीचपट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात. तो रक्तात जास्त विरघळतो आणि आतल्या कानापर्यंत पोचतो. पण हा चमत्कार नव्हे. अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या 2019 च्या मार्गदर्शिकेत तो स्टेरॉइडच्या जोडीला, ऐच्छिक उपचार म्हणून आहे. तोही पहिल्या दोन आठवड्यांत, फार तर महिन्याच्या आत. म्हणजे अण्णांची वेळ निघून गेली होती. त्या पोराला हे सांगताना जीभ जड झाली.

इथं खरी टंचाई चेंबरची नाही, पहिल्या तीन दिवसांची आहे. स्टेरॉइड साधं, स्वस्त औषध. मात्र डॉक्टरच्या सल्ल्यानंच, शुगर असेल तर जास्तच जपून. त्यासाठी आधी ओळखायला हवं की हा मळ नाही, नस आहे. तोंड मिटून 'हूं' करा. आवाज बंद कानात घुमला तर बहुतेक मळ किंवा मधला कान. चांगल्या कानात गेला तर नसेची शंका. हेच डॉक्टर ट्यूनिंग फोर्कनं नीट बघतात. काही शे रुपयांचा लोखंडी चिमटा तो!

बहिरेपणा रोखायचा राष्ट्रीय कार्यक्रम 2007 पासून आहे. मग आपल्या आरोग्य केंद्रात हा चिमटा आहे का, ऑडिओमेट्री जवळ कुठं आणि कोणत्या वारी होते, हे ग्रामसभेत विचारायला काय हरकत आहे? गटारीइतकाच हाही गावाचा प्रश्न आहे.

तोवर एवढं करा: कान अचानक गेला तर तीन दिवसांच्या आत कानाच्या डॉक्टरकडं जा, आणि "ऑडिओमेट्री करा" असं स्वतः म्हणा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही हे वाचून दाखवा.