बाईंसाठी आसन
5 सप्टेंबरच्या शिक्षकदिनाला लेकीच्या बालवाडीतल्या बाईंना द्यायला गोधडीचं आसन शिवतेय. बाई दिवसभर मुलांसोबत फरशीवर बसतात. पेन किंवा कप द्यावासा वाटलाच नाही. आत आईच्या जुन्या सुती साडीचे थर. धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत सुईला अडवत नाही. आधी मोठे कच्चे टाके घालून थर जागेवर धरले, मग कडेपासून आत आत धावदोरा. मशीनवर लवकर झालं असतं, पण हाताच्या टाक्यांनी कापडावर जी बारीक सुरकुती उठते, तीच मला गोधडीचा जीव वाटते. सुरुवातीला लेक शाळेत फार रडायची, तेव्हा बाईंनी तिला मांडीवर घेऊन वर्ग चालवला. एका कोपऱ्यात लेकीलाही टाके घालायचेत. वाकडेतिकडे आले तरी मी ते उसवणार नाही.