वाऱ्याच्या नावाचे चाक

मुलगी नोकरीला लागली, की घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, असा सर्वसाधारण अनुभव. फरीदाबादच्या एका मराठी घरात मात्र गेल्या उन्हाळ्यात सलग तीन आठवडे बोलणी चालली ती सायकलच्या चाकांची. चाके तीसुद्धा साधीसुधी नव्हेत. मुलीला हवी होती खोल रिमची, सायकलवाल्यांच्या भाषेत 'डीप सेक्शन' चाके. आणि त्या जोडीच्या किमतीत घरात रोजच्या वापराची एक नवी सायकल सहज आली असती.

दर रविवारी पहाटे पाचला ती आपली जुनी रेसिंग सायकल घेऊन गुडगाव-फरीदाबाद रस्त्याला लागते. दहा-बारा जणांचा गट असतो. अरवलीच्या चढावर ती सगळ्यांच्या बरोबरीने राहते, सपाटीवर मात्र मागे पडते. पुढे जाणाऱ्यांपैकी तिघांच्या चाकांना हात-दोन बोटे उंचीची काळी कार्बनची रिम. ती चाके जवळून गेली की भर्रर्र असा आवाज येतो. त्या आवाजानेच अर्धे मन जिंकले असणार!

खोल रिम म्हणजे टायरपासून तारांपर्यंतची रिमची उंची जास्त. साध्या रिमची ही उंची वीस-पंचवीस मिलिमीटर असते, खोल रिमची तीसपासून साठपर्यंत आणि त्याहूनही पुढे. सायकल तासाला तीस किलोमीटरच्या पुढे गेली, की सपाट रस्त्यावर माणसाची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो. त्यात चाकाचा वरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे धावत असतो आणि तारा हवा घुसळत असतात. रिम खोल केली की तारा आखूड होतात, हवा रिमच्या अंगावरून सरळ निघून जाते. १९८४ साली इटलीच्या फ्रान्सेस्को मोझर याने मेक्सिको सिटीत तासाभरात ५१ किलोमीटरहून अधिक अंतर कापले, ते बंद तबकडीसारख्या चाकांवर. त्यानंतर जगभर चाकांचा आकार बदलत गेला. कांपान्योलो या इटालियन कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲल्युमिनियमच्या खोल रिमचे 'शमाल' नावाचे चाक आणले. शमाल हा इराक आणि इराणच्या आखातावरून वाहणारा वायव्येचा वारा. पुढे बोरा, झोंडा, शिरोक्को अशी चाके आली. सगळी वाऱ्यांचीच नावे!

हे ऐकून आई म्हणाली, "आपल्या दिल्लीत बनवलं असतं तर नाव 'लू' ठेवलं असतं."

बाबांचा विरोध वेगळ्या कारणाने होता. अकोल्याला कॉलेजात असताना त्यांच्याकडे ॲटलस होती. पोलादी रिम, पुढे बत्तीस तारा आणि मागे चाळीस. पावसात त्या चकचकीत रिमवर ब्रेकचे रबर नुसते घसरायचे. एकदा रेल्वे फाटकाशी ब्रेक दाबूनही सायकल थांबली नाही आणि ते उभ्या बैलगाडीवर जाऊन आदळले. गुडघ्यावरची खूण अजून आहे. ती ॲटलस ज्या सोनीपतला १९५१ मध्ये जन्मली, ते गाव दिल्लीच्या अंगणातच. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला, तेव्हा बाबांनी ते कात्रण जपून ठेवले होते. तर त्यांचा प्रश्न एवढाच होता, "पावसात थांबेल का?"

प्रश्न जुनाट वाटला तरी मुद्द्याचा होता. मुलीच्या सायकलला डिस्क ब्रेक नाहीत. रबर थेट रिमवर दाबते. डिस्क ब्रेकच्या सायकलींना ही काळजी करावी लागत नाही. पण रिमवरच ब्रेक लागत असतील, तर ओल्या कार्बनवर पकड उशिरा येते, आणि लांब उतारावर कार्बन तापते. ॲल्युमिनियम ओले असतानाही पोलादापेक्षा कितीतरी चांगले धरते आणि उष्णता झटकन सोडते. खड्ड्यात आदळले तर ॲल्युमिनियमची कड दबते, ती दिसते, पुष्कळदा ठोकून सरळही होते. कार्बनचा तडा आत राहू शकतो. स्वस्तात मिळणाऱ्या बिननावाच्या कार्बन चाकांचा मोह म्हणूनच धोक्याचा.

ॲल्युमिनियमचे एक दुखणे मात्र आहे. ते जितके खोल, तितके जड. म्हणून पस्तीसच्या आसपास त्याची मजल संपते, आणि अशी जोडी पावणेदोन ते दोन किलोंपर्यंत जाते. दिल्लीच्या धुळीत ब्रेकचे रबर कानशीसारखे रिम घासते, हेही खरे. चांगल्या रिमवर त्यासाठी बारीक खाच किंवा टिकली असते. ती झिजून दिसेनाशी झाली की रिम बदललीच पाहिजे, नाहीतर टायरच्या दाबाने तिची कड फाटू शकते.

आईची भीती या सगळ्याहून सरळ होती. त्या रस्त्याने डंपर जातात. डंपर शेजारून गेला की हवेचा धक्का बसतो, आणि खोल रिम म्हणजे त्या धक्क्यासमोर धरलेले शीडच. पुढचे चाक हँडलला जोडलेले, त्यामुळे धक्का थेट हातात येतो. मागच्याचा तितका त्रास नाही. त्यात मुलीचे वजन अठ्ठेचाळीस किलो. गटातल्या ऐंशी किलोच्या गड्याला पन्नास मिलिमीटरचे चाक झेपते, म्हणून हिलाही झेपेल असे नाही. चाके निवडताना लोक मित्राचे चाक पाहतात, मित्राचे वजन पाहत नाहीत.

शेवटी एका शनिवारी बापलेक मेट्रोने मंडी हाउसला गाडी बदलून झंडेवालानच्या सायकल बाजारात गेले. दुकानदाराने आधी कार्बन पुढे केले. मुलीने हातात घेतले, फिरवले, आणि बाबांकडे पाहिले. बाबा काही बोलले नाहीत. मग तिनेच विचारले, "ॲल्युमिनियममध्ये तीसचं दाखवता?"

"पैसे माझे आहेत, बाबा," असे ती घरून निघताना म्हणाली होती. ते खरेही होते. पण पैसे देताना कळले, की जुन्या ट्यूबची वॉल खोल रिममधून पुरेशी बाहेरच येत नाही. साठ मिलिमीटरच्या वॉलच्या ट्यूब वेगळ्या घ्याव्या लागतात. त्या बाबांनी घेतल्या. शिवाय पितळेचा एक छोटा अडॅप्टर, कारण रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचा पंप अशा बारीक वॉलला लागत नाही. आईने सांगितलेला मागचा लाल दिवाही घेतला.

नव्या चाकांवर चाळीस किलोमीटरमागे फार तर मिनिटभर वाचते. गट अजून पुढे जातोच. मधल्या काळात कुणीतरी तिला हँडल थोडे खाली घेऊन कोपरे वाकवायला सांगितले, त्याने अंतर जास्त कमी झाले. हवा अडवते ती मुख्यतः माणसाच्या शरीराने, हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही.

जूनमध्ये एका रविवारी आंधी आली. ती बंधवाडीच्या अलीकडे उतरून चहाच्या टपरीत थांबली आणि घरी फोन केला.

"चाक हललं का गं?" आईने विचारले.

"हललं. पण हातात राहिलं."

जुलैत पावसाने रस्त्यात खड्डे पाडले, तशी जुनी चाके बाल्कनीतून खाली आली. मागच्या चाकात थोडा आऊट होता. बाबांनी सायकल उलटी करून, ब्रेकच्या रबराशी डोळा लावून, एकेक तार आवळत तो काढला. त्यांना अख्खी सकाळ लागली.