गांधार ऐकू येईपर्यंत

हल्ली माझ्याकडे गाणं शिकायला येणारी मुलं कोरी येत नाहीत. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पहिल्याच दिवशी भूपातल्या तीन-चार बंदिशी म्हणून दाखवतो, त्याही वेगवेगळ्या घराण्यांच्या. कुठून बसवल्यास असं विचारलं की ‘यूट्यूबवरून, ताई’ हे उत्तर ठरलेलं. ताना पाठ, सरगम पाठ, कोणत्या गायकाने कुठल्या मैफलीत काय जागा घेतली तेही पाठ. माझ्या पिढीला एक अंतरा मिळवायला गुरूंच्या घरी किती वाट पाहावी लागायची, हे त्याला ऐकवण्यात मला रस नाही. वाट पाहण्यात काही आपोआप गाणं शिरत नव्हतं. त्या वाट पाहण्यातच कित्येक चांगले गळे वाळून गेले, हेही मी पाहिलं आहे.

विद्या खुली होण्याला मी घाबरत नाही. भातखंड्यांनी उस्तादांकडून चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग लोकांच्या हाती दिले. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं वर्गात आणलं. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात गौहरजान ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर गायल्या. जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब यांच्या आवाजाची एकही तबकडी मागे राहिलेली नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आपलं गाणं कुणी मुद्रित करून नेऊ नये याबद्दल फार काटेकोर होत्या, आणि १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्णतबकडीत भारतातून निवडला गेला तो त्यांचाच आवाज. साडेतीन मिनिटांची भैरवी. थोडक्यात गाणं हे काही रीलनं आणलेलं नाही. अब्दुल करीमखाँसाहेबांनी तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांत जे भरून ठेवलं आहे ते आम्ही अजून उलगडतो आहोत. फरक इतकाच की त्या तीन मिनिटांच्या मागे तासन्‌तास गाण्याची ताकद उभी होती, आणि काय गाळायचं हे त्यातूनच ठरत होतं.

मग गुरूकडे काय उरलं? चीज देण्याचं काम बरंचसं गेलं. ऐकण्याचं काम उरलं, आणि ते पूर्वीपेक्षा कितीतरी वाढलं. शिष्याला स्वतःचं गाणं स्वतःला ऐकू यायला लागेपर्यंत त्याच्या वतीने ऐकत राहायचं, आजच्या गुरूचं मुख्य काम मी हेच मानते. बाकीचं बरंच काही त्याला फोन देऊ शकतो.

त्या भूपवाल्या मुलाचंच घ्या. किशोरीताई आमोणकरांचा भूप त्याने इतक्या वेळा ऐकला होता की श्वास कुठे घेतलाय तेही त्याला ठाऊक होतं. मी म्हटलं, बंदीश बाजूला ठेव, नुसता आलाप कर. दोन मिनिटं बरं चाललं. मग तो धैवतावर जाऊन बसायला लागला, तार षड्जाशी खेळायला लागला, आणि बघता बघता भूपाचा देसकार झाला. स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. त्याच्या फोनवर स्वर दाखवणारं अ‍ॅप होतं, त्यातही सगळे स्वर बिनचूक उमटत होते. पण भूप गांधाराच्या आधाराने उभा राहतो आणि देसकाराचा जीव धैवतात आहे. एकाच घरात राहणारी दोन वेगळ्या स्वभावांची माणसं. ते अ‍ॅपला दिसत नाही, कारण कुठला स्वर लागला एवढंच ते सांगतं; कुठे थांबलास, कशाला नुसता स्पर्श करून गेलास, कोणत्या स्वराकडे परत परत वळलास, याचा हिशेब त्याच्याकडे नाही. मी त्याला मध्येच थांबवलं नाही. पूर्ण गाऊ दिलं, मग त्याच्याच फोनवर मुद्रित झालेलं त्याला ऐकवलं आणि विचारलं, ‘आता सांग, घर कुठे बदललंस?’ तिसऱ्यांदा ऐकताना त्याने नेमक्या जागी बोट उचललं. मी आधीच सांगितलं असतं तर ती माझी दुरुस्ती झाली असती. आता तो शोध त्याचा आहे आणि तो विसरणार नाही.

हे फोनमुळे झालं, हेही तितकंच खरं. आमच्या वेळी आपलं गाणं आपल्याला परत ऐकायला मिळायचं नाही. गाताना हाडांतून येणारा आवाज आणि बाहेर जाणारा आवाज यांत किती अंतर असतं हे कळायलाच वर्षं जायची. आज प्रत्येकाच्या खिशात तो आरसा आहे. माझ्याकडे नियम आहे: रोजच्या रियाजातली दहा मिनिटं मुद्रित करायची, दुसऱ्या दिवशी रियाजाला बसण्याआधी ऐकायची, आणि काय खटकलं ते वहीत दोन ओळींत लिहायचं. वही माझ्यासमोर आणायची, मुद्रण नाही आणलं तरी चालेल. वहीवरून मला कळतं की याचा कान कुठवर आला. सुरुवातीला सगळे ‘श्वास कमी पडला’ लिहितात. काही महिन्यांनी एखादी लिहिते, ‘निषादावरून सा ला येताना घाई होते, सा ची वाटच बघत नाही.’ ती वही मिटताना मला फार आनंद होतो.

आता गांधाराबद्दल. बऱ्याच मुलांनी स्वर जुळवण्याचं अ‍ॅप घेतलेलं असतं. गायलं की काटा हलतो, मध्ये आला की हिरवा होतो. मुलं त्या हिरव्यासाठी गायला लागतात. पण यांतली बहुतेक अ‍ॅप पेटीच्या हिशेबाने चालतात. त्यात सप्तकाचे बारा सारखे भाग असतात, प्रत्येक भाग १०० सेंटचा, म्हणजे शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर. नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून मात्र एक गांधार आपोआप उमटतो, ज्याला आम्ही स्वयंभू गांधार म्हणतो. तो ३८६ सेंटच्या आसपास बसतो. चौदा सेंटचा फरक. कागदावर क्षुल्लक, कानाला मोठा. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला बंदी घातली होती, तिच्यामागच्या आक्षेपांत पेटीचे हे ठरीव स्वरही होते. बंदीची बाजू मी घेणार नाही, पेटीवाल्यांनी आमचं गाणं किती सांभाळलं आहे हे मला माहीत आहे. पण मुलगी तानपुऱ्यात मिसळणारा गांधार लावते आणि फोन तिला लाल काटा दाखवून चूक म्हणतो, तेव्हा कुणीतरी तिच्या बाजूने उभं राहायला हवं.

म्हणून नवीन मुलाला मी पहिले काही महिने अ‍ॅपमधल्या तानपुऱ्यावर सोडत नाही. अ‍ॅपचा तानपुरा उपयोगी आहे, प्रवासात, वसतिगृहात, रात्री उशिरा तो मोठा आधार आहे. बंगळुरूच्या रॅडेलने १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला तेव्हापासून आम्ही सगळेच त्याचे ऋणी आहोत. पण तो जुळलेलाच असतो. जुळवायची मेहनत घेण्यातच कान तयार होतो. आम्ही सांगलीचे, मिरज शेजारी, सतारमेकरांच्या दारात जाऊन बसता येतं. नवीन मुलांना मी तिथे नेते. कारागीर घोडीच्या माथ्यावर कानस फिरवतो, तार छेडतो, पुन्हा फिरवतो, केसाएवढा उतार कमी-जास्त करतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवतो. एका जागी तार मुकी असते, दोरा जरा पुढे सरकला की तीच तार उघडते आणि खोली भरून जाते. जवारी लागली. त्या क्षणी मुलांचे चेहरे बघावेत. नंतर घरी मी त्यांच्यापुढे तानपुरा ठेवते: पंचम, दोन जोड, खर्ज. खुंटी, मग मणी, मग दोरा. पहिल्या दिवशी एक तास जातो आणि गायन शून्य. पालकांचा फोन येतो, ‘ताई, आज गाणं झालंच नाही का?’ मी त्यांना नीट समजावून सांगते, कारण त्यांची काळजी खोटी नसते, फी तेच भरतात. आणि एखाद्या दिवशी मुलगा मध्येच हात थांबवतो, ‘ताई, यात कुणीतरी ग म्हणतंय.’ तिथून पुढे त्याला काट्याची गरज उरत नाही.

ऑनलाइन तालमीचं मला आधी वावडं होतं, करोनाच्या काळात ते गेलं. आता न्यू जर्सीतली एक विद्यार्थिनी आठवड्यातून दोनदा शिकते, तिच्या पहाटे, माझ्या दुपारी. पहिली अडचण अशी आली की तिचा तानपुरा मला ऐकूच यायचा नाही. आवाज सुरू व्हायचा आणि दोन सेकंदांत विरून जायचा. पुढे उलगडा झाला: व्हिडिओ कॉलची ही अ‍ॅप माणसाचं बोलणं स्वच्छ पोचावं म्हणून मागचा सततचा आवाज गोंगाट समजून गाळून टाकतात. पंखा, वाहनं, आणि तानपुरा. आमच्या संगीताचा जो पाया तोच त्यांच्या लेखी कचरा. सेटिंगमध्ये मूळ आवाज तसाच जाऊ देण्याची सोय असते, ती शोधली. दुसरी अडचण सुटणारी नव्हती. आवाज जाऊन यायला वेळ लागतो, त्यामुळे दोघींना एकत्र गाता येत नाही. समोर बसलेल्या शिष्याला आम्ही अडखळलं की हळूच सूर देतो, त्याच्या आवाजाखाली आपला आवाज धरतो. तिला ते मिळतच नाही. मी गाते, थांबते, मग ती एकटी गाते. याचा परिणाम माझ्या अपेक्षेच्या उलट झाला. समोर बसून शिकणाऱ्या मुलांपेक्षा तिचा मुखडा लवकर स्थिर झाला, कारण पडली तर सावरणारं कुणी नाही हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यानंतर मी समोरच्या मुलांनाही मुद्दाम एकटं सोडायला लागले. मात्र तिचा आवाजाचा लगाव, छातीतून येतोय की घशातून, हे मला पडद्यावरून पक्कं कळत नाही. ती डिसेंबरात भारतात येते तेव्हा पहिले चार दिवस आम्ही फक्त खर्ज करतो.

एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. ही मुलं दिवसभर जे गाणं ऐकतात त्यातला बराचसा आवाज यंत्राने सुरात ओढलेला असतो, वरून घुमारा चढवलेला. मग स्वतःचा उघडा आवाज ऐकला की त्यांना तो खराब वाटतो. एक फार गुणी मुलगी रियाज सोडण्याच्या बेताला आली होती. ‘माझ्या आवाजात काहीतरी कमी आहे, ताई.’ कमी काहीच नव्हतं, तिचा आवाज खराखुरा होता एवढंच. मी तिला हिराबाई बडोदेकरांच्या जुन्या तबकड्या ऐकवल्या, खरखरीसकट. मग माझ्या गुरूंच्या घरगुती बैठकीचं एक मुद्रण, ज्यात मध्येच ते खोकतात आणि पुढचा षड्ज लावतात. त्या षड्जाला ती रडली. तिला मी कुठलाही उपदेश केला नाही, करून उपयोगही नव्हता. पण पुढचे कित्येक महिने दर भेटीला एक जुनं मुद्रण एकत्र ऐकायचं, एवढं ठरवून टाकलं. आम्ही ते अजूनही पाळतो.

नक्कल करतात म्हणून मुलांना कुणी हिणवलं की मला कुमारजी आठवतात. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत आणि लोक थक्क होत. मग ते मुंबईला देवधर मास्तरांकडे आले. मास्तर पलुस्करांचे शिष्य, पण त्यांच्या शाळेचं दार सगळ्या घराण्यांच्या गवयांना उघडं असायचं. गळ्यात अख्खा संग्रह घेऊन आलेल्या त्या मुलाला आणखी एक तबकडी देण्याची गरज नव्हती. मास्तरांनी त्याला विचार दिला, आणि पुढे कुमार गंधर्व कुणासारखेच गायले नाहीत. माझ्याकडे यूट्यूब गळ्यात घेऊन येणाऱ्या मुलांकडे मी त्याच आशेने बघते. सगळी कुमार होणार नाहीत, पण नक्कल ही सुरुवात आहे, दोष नाही.

राहिला प्रश्न गाणं इंटरनेटवर टाकण्याचा. ‘ताई, टाकू का?’ हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. चालू तालमीतला राग टाकायचा नाही, हे माझं स्पष्ट उत्तर आहे. शिकून पचलेला टाका, त्याला ना नाही. कारण एकदा कौतुकाचे आकडे वाढायला लागले की मूल त्याच जागा पुन्हा पुन्हा गातं, आणि कच्च्या वयात गाणं तिथेच थिजतं. पण नुसती मनाई करून भागत नाही. कुणीतरी ऐकावं ही मुलांची भूक खरी आहे, तिला जेवण हवं. म्हणून महिन्यातल्या एका रविवारी माझ्या बाहेरच्या खोलीत बैठक असते. पंधरा-वीस माणसं, सतरंजी, तबल्याला गावातलाच एक जाणता वादक, फोन दाराजवळच्या टेबलावर. निवृत्त शिक्षक, एक औषधांचे दुकानदार, शेजारच्या आजी, एवढेच श्रोते. परवा भूपवाला मुलगा गायला. विलंबित एकताल, पहिल्यांदाच. सुरुवातीची भीती गेल्यावर छान रमला, गांधारावरून एकदाही हलला नाही. संपल्यावर दुकानदार काका म्हणाले, ‘बाळ, चांगलं झालं, पण तिसऱ्या आवर्तनात सम तुझ्याआधी आली.’ मला वाटलं हिरमुसेल. तो उठून त्यांच्याजवळ जाऊन बसला. ‘कुठे, काका? नवव्या मात्रेपासून सांगा.’ काकांनी मांडीवर ताल धरला, तबलजी पुन्हा डग्ग्याजवळ सरकले, आणि चहा येईपर्यंत तिघांनी ते आवर्तन चार वेळा काढलं.